मामांचा हिरवा डबा

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर एका पतसंस्थेत खतावण्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा आमचा वीस वर्षांचा परिपाठ. रेशनकार्डात नाव चुकले, जातीचा दाखला अडला, शिष्यवृत्ती आली नाही, निराधार योजनेचे पैसे बंद झाले, विजेचे बिल अवाच्या सव्वा आले. ज्याचे जे असेल ते लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा मात्र घेतो. एक पथ्य पाळतो. ठाऊक असून खोटे लिहायचे नाही. यात मोठेपणा काही नाही, साधा हिशेब आहे. आपल्या अक्षरातला एक अर्ज खोटा निघाला की त्याच अक्षरातले पुढचे शंभर खरे अर्ज बाजूला पडतात.

हे पथ्य मोडायची वेळ गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातच आली.

मामा म्हणजे आमच्या आईचे थोरले भाऊ. पंच्याहत्तरी ओलांडलेली. १९६९ साली भरती झाले, नगरला रणगाड्यांचे शिक्षण घेतले आणि सोळा वर्षे ‘टी-५५’ या रशियन बनावटीच्या रणगाड्याचे ड्रायव्हर म्हणून काढून घरी आले. पुढे एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. मामी गेल्या. मुलगा कंत्राटावर होता, त्याचे काम दोन वर्षांपूर्वी सुटले. नात बारावीला. मामांच्या पेन्शनवर घर चालते, आणि मामांची नजर मात्र दिवसेंदिवस जात चाललेली. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, ताटातली वाटी हाताने चाचपावी लागते, समोर बसलेल्या माणसाचे तोंड दिसते पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही.

एका संध्याकाळी मामांच्या सूनबाई प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्या. आमच्या सौ.नी पाणी दिले. पेला तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, “भाऊजी, एक अर्ज लिहून द्या. आबांचे डोळे मिलिटरीतल्या त्या रात्रीच्या चष्म्यानं गेले, असं लिहायचं. त्याच्यात किरणं असतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

तेव्हा कळले की कुणी एक गृहस्थ घरी येऊन गेले होते. सैनिकांना सेवेमुळे अपंगत्व आले, किंवा असलेला आजार सेवेमुळे बळावला, तर वेगळी पेन्शन मिळते. नियम खराच आहे. गृहस्थांचे म्हणणे असे, की किरणांचे नाव टाका, मागची थकबाकीसुद्धा निघेल. तिच्यातला अर्धा वाटा त्यांचा. कागद त्यांनीच केला असता, परंतु मामा म्हणाले, “लिहायचं तर माझा भाचा लिहील.” म्हणून फाइल आमच्याकडे.

वाचकहो, सूनबाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांचा त्या गोष्टीवर खराखुरा विश्वास होता. माणसाने वर्षानुवर्षे एका यंत्राला डोळे लावले आणि म्हातारपणी त्याचे डोळे गेले, तर कुणालाही तसेच वाटेल. आम्हालाही पहिल्या दिवशी तसेच वाटले. आमचे शिक्षण बी.कॉम., विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. तेव्हा लिहिण्याआधी ते यंत्र काय होते हे समजून घ्यावे, म्हणून रविवारी मामांकडे गेलो.

मामांनी ट्रंकेतून एक फोटो काढायला लावला. चार जण रणगाड्यापुढे उभे. टी-५५ मध्ये माणसे चारच असतात: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. मामा टोकाला, कानटोपीसारखी फुगीर टोपी घातलेले. मागे तोफेच्या नळीला लागून पिठाच्या डब्याएवढा एक गोल दिवा, काच काळीकुट्ट. वर कमांडरच्या झाकणापाशी तसाच, पण लहान. आणि खाली पुढच्या उतारावर शेजारी शेजारी दोन दिवे, त्यातल्या एकाची काच साधी, दुसऱ्याची काळी.

मामांना फोटो नीट दिसत नव्हता. बोटाने अंदाज घेत ते म्हणाले, “खालचा काळा दिवा माझा. हा लावला तरी बाहेरच्या माणसाला अंधारच दिसायचा. मी मात्र आत बसून डब्यातून बघायचो. सगळं हिरवं.”

डबा हे त्यांचे नाव. दिवसा ड्रायव्हर जाड काचांच्या पेरिस्कोपमधून बाहेर पाहतो. रात्र झाली की त्यातला एक पेरिस्कोप काढायचा, त्या जागी हा डबा बसवायचा आणि वीजजोडणी करायची. रशियन लोक त्याला ‘टीव्हीएन-२’ म्हणत.

हे काम कसे चालते ते आम्हाला समजले तेवढे सांगतो. घरात टीव्हीचा रिमोट असेल तर तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाईलमध्ये, विशेषतः समोरच्या कॅमेऱ्यात, रिमोटच्या टोकाचा दिवा लुकलुकताना दिसतो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. तो प्रकाशच आहे, पण तांबड्याच्या पलीकडचा. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात, बोलण्यात आपण इन्फ्रारेड म्हणतो. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याभोवती रात्री बारीक तांबूस ठिपके मिणमिणतात ना, तोही त्याच जातीचा प्रकाश. कॅमेरा त्या उजेडात पाहतो आणि आपल्याला वाटते, हा अंधारात पाहतो.

मामांच्या रणगाड्यावरचा काळा दिवा म्हणजे साधा झगझगीत दिवाच. त्याच्यापुढे अशी काच, की दिसणारा प्रकाश अडवायची आणि न दिसणारा तेवढा सोडायची. तो समोरच्या झाडावर, दगडावर पडून परत येई. डब्यात एक काचेची नळी, तिच्या पुढच्या पडद्यावर चांदी, ऑक्सिजन आणि सीझियम यांचा पातळ लेप. त्या लेपावर अवरक्त प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. नळीला हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन वेगाने मागच्या पडद्यावर आदळतात आणि तो पडदा हिरवा उजळतो. ड्रायव्हर बघतो तो हा मागचा पडदा. बाहेरचे झाड त्याला दिसतच नाही, झाडाचे हिरवे चित्र दिसते.

ही नळी मुळात लष्करवाल्यांची नव्हे. हॉलंडमध्ये आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९३४ च्या सुमारास चालवून दाखवली. रेडिओ आणि दिवे करणाऱ्या कंपनीतले काम ते. पण दहा-अकरा वर्षांत ती रणगाड्यावर जाऊन बसली. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी अखेरीस, १९४४-४५ मध्ये, जर्मनांनी आपल्या थोड्या ‘पँथर’ रणगाड्यांवर असा दिवा बसवला. तीस सेंटीमीटर व्यासाचा, दोनशे वॅटचा, कमांडरच्या डोक्याशी. दिसायचे पाच-सहाशे मीटरपर्यंत. आणखी लांबचे दिसावे म्हणून एका चिलखती गाडीवर साठ सेंटीमीटरचा दिवा चढवला आणि गाडीचे नाव ठेवले ‘ऊहू’, म्हणजे घुबड. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

यातली गंमत अशी की त्या पँथरमध्ये दिसायचे फक्त कमांडरला. ड्रायव्हर आंधळाच. कमांडर वरून सांगणार, डावीकडे घे, उजवीकडे घे, थांब. आणि खाली बसलेला माणूस कानावर विश्वास ठेवून चाळीसेक टनांचे धूड हाकणार. आम्ही हे मामांना सांगितले तेव्हा मामा हसले. म्हणाले, “मग आमचं काय वेगळं होतं?”

ड्रायव्हरच्या स्वतःच्या डोळ्यांवर हे यंत्र बांधायची कल्पनाही त्याच काळातली. ब्रिटिशांनी ‘टॅबी’ या नावाने शिरस्त्राणाला अडकवायची दुर्बीण केली होती, अंधारात वाहन हाकण्यासाठी. अमेरिकनांचे काम व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉर येथे चालू होते. युद्धानंतर रशियनांनी ‘पीएनव्ही-५७’ नावाचा जो रात्रीचा चष्मा काढला तो अशा चष्म्यांतला बहुधा सर्वांत नावाजलेला. दोन नळ्या, दोन डोळ्यांसाठी, डोक्याला पट्ट्यांनी बांधायच्या. त्यातून निघालेली वायर एका पेटीला आणि पेटी वाहनाच्या विजेला. चष्मा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कानाला अडकवायची हलकी वस्तू येते. हा तसा नव्हे. कपाळापुढे दोन बॅटऱ्या लटकवल्यासारखे ओझे, मान सारखी पुढे ओढणारे. आणि वायरीने बांधलेला माणूस, घाईत बाहेर उडी मारायची तर आधी ती सोडवायची.

या चष्म्यात आणखी एक मेख होती. मान वळवता येते म्हणून चष्मा चांगला, असे कुणीही म्हणेल. पण दिवा वाहनाला ठोकलेला, त्याचे तोंड समोर. तुम्ही मान डावीकडे वळवली तरी डावीकडे उजेडच नाही, तर चष्मा दाखवणार काय? काळोख. जिथे दिवा, तिथेच नजर. मामांच्या डब्यालाही तोच नियम.

“किती लांबचं दिसायचं, मामा?”

“पन्नास-साठ मीटर. फार तर.”

आम्ही मनात मोजले. आमच्या गल्लीच्या तोंडापासून पिंपळापर्यंतचे अंतर. गनरला तोफेशेजारच्या मोठ्या दिव्यात आठशे मीटरपर्यंत दिसे, कमांडरला त्याच्या अर्ध्यापर्यंत. सर्वांत कमी दिसायचे ते रणगाडा हाकणाऱ्याला. आणि ते दिसणेही कसे? मामा म्हणाले, “सपाट. सिनेमाच्या पडद्यासारखं. खड्डा आणि सावली सारखीच. अंगाला बसलं की कळायचं खड्डा होता.”

मग थोडा वेळ ते गप्प राहिले. फोटोतल्या लोडरवर त्यांचे बोट होते. हा सोलापूरकडचा पोरगा. १९७१ च्या लढाईनंतरच्या एका सरावात, वाळवंटात, रात्री मामांना डब्यात एक काळी पट्टी दिसली. त्यांना वाटले झुडपांची सावली. तो नाला होता. रणगाडा नाकावर गेला, लोडरचा हात मनगटापासून मोडला आणि तो पुन्हा त्या कामावर आला नाही. चौकशी झाली, मामांवर ठपका आला नाही, कारण वर बसलेल्या कमांडरलाही ती सावलीच वाटली होती. “ठपका नाही आला,” मामा दोनदा म्हणाले. पन्नास वर्षे झाली त्या गोष्टीला. आम्हाला ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

“आणि प्रत्यक्ष लढाईत? तेव्हा डबा कामाला आला?”

“लढाईत दिवाच लावू दिला नाही.”

हे ऐकून आम्ही चकित झालो. जे यंत्र लढाईसाठी केले, ते लढाईतच बंद? पण थोडा विचार केला आणि त्यातले इंगित ध्यानात आले. काळा दिवा शत्रूला दिसत नाही, पण शत्रूकडे तसलीच काच नसेल तरच. असेल, तर त्याला तो दिवा मैलावरून दिसतो, जत्रेतल्या गॅसबत्तीसारखा. दिवा लावणाऱ्याला साठ मीटर दिसणार आणि त्याला पाहणाऱ्याला तो स्वतः कोसावरून. मग ड्रायव्हरने काय करायचे? झाकण उघडून डोके बाहेर काढायचे, चांदणे असेल तेवढ्यात पाहायचे आणि कानातल्या आवाजावर चालायचे. मामांनी डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री पश्चिम सीमेवर अशाच काढल्या. थंडीने डोळ्यांतून पाणी येई आणि ते पुसायलाही हात मोकळा नसे.

त्याच लढाईतली लोंगेवालाची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ‘बॉर्डर’ सिनेमामुळे ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे राजस्थानातल्या त्या ठाण्यावर चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची एक कंपनी रात्रभर तग धरून राहिली आणि पहाट होताच जैसलमेरहून आपली ‘हंटर’ विमाने आली. रात्रीच का आली नाहीत? कारण त्या विमानांत अंधारात पाहायचे साधन नव्हते. पलीकडचे रणगाडेही त्या रात्री वाळूत रुतत, चाचपडतच होते. एवढ्या मोठ्या दोन फौजा, आणि दोन्हीकडे माणसे उजाडायची वाट पाहत बसलेली.

दिवा लावण्याचा खरा हिशेब चुकता झाला तो दोन वर्षांनी, दुसऱ्याच देशात. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी सीरियाचे रणगाडे गोलान टेकड्यांवर इस्रायलच्या फळीवर चालून गेले. त्यात मामांचे टी-५५ होते आणि त्याहून नवे टी-६२ होते, काळ्या दिव्यांसकट. इस्रायलींकडे रात्री लढायची साधने फारच तुटपुंजी. सूर्य मावळला तसे सीरियन पुढे सरकत राहिले, अंधार त्यांच्या बाजूचा होता. इस्रायलच्या सातव्या चिलखती ब्रिगेडमधली एक बटालियन अविगडोर कहलानी या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली होती, तिच्याकडे ब्रिटिश बनावटीचे ‘सेंचुरियन’. त्यांना दिसत नव्हते, म्हणून आकाशात प्रकाशगोळे सोडायचे आणि तो उजेड पडला तेवढ्या क्षणांत नेम धरायचा. प्रकाशगोळेही पुरेसे नव्हते. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत कळत नसे.

पण काही इस्रायली कमांडरांपाशी अवरक्त प्रकाश दाखवणाऱ्या दुर्बिणी होत्या. त्या डोळ्यांना लावल्या आणि त्यांना समोरचा काळोख दिव्यांनी भरलेला दिसला. प्रत्येक दिव्याखाली एक रणगाडा. पाहण्यासाठी लावलेले तेच दिवे समोरच्याला आपला ठावठिकाणा सांगत होते. चार दिवसांच्या लढाईनंतर त्या दरीत सीरियन रणगाड्यांचा खच पडला. इस्रायलींनी तिचे नाव अश्रूंची दरी असे ठेवले. सगळा निकाल काही दिव्यांनी लावला नाही. माणसांचे शिक्षण, नेमबाजी, उंचवट्यावरची जागा, हे सगळे त्यात आले. आणि त्या पहिल्या रात्रीचे पारडे तर सीरियनांकडेच झुकले होते, ते याच दिव्यांमुळे. म्हणून आम्हाला ही गोष्ट विचित्र वाटते. एकाच दिव्याने वाटही दाखवली आणि वाटही लावली.

त्या सुमारासच दिवा नको असलेली यंत्रे येऊ लागली होती. चांदण्यांचा जो काही उजेड आकाशातून पडतो तोच हजारो पटींनी वाढवून दाखवायचा, अशी अमेरिकनांची दुर्बीण साठच्या दशकात व्हिएतनाममध्ये गेली. सत्तरच्या दशकात तिचे डोळ्यांना बांधायचे चष्मे झाले. मग पुढे वस्तूच्या स्वतःच्या उष्णतेवर पाहणारी यंत्रे आली, त्यांना चांदणेही नको. मामांचा डबा अडगळीत गेला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण अर्ज त्या यंत्रांबद्दल नव्हता.

तर अर्ज.

फाइलीत डोळ्यांचा एकही कागद नव्हता. किरणांची गोष्ट होती, पण डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. “डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेलात?” असे विचारल्यावर मामा म्हणाले, “मोतीबिंदू असेल. पिकला की काढू.” आमच्या आजीचेही असेच झाले होते. तीही शेवटची दहा वर्षे भिंत धरून चालायची आणि घरातले म्हणायचे, मोतीबिंदू असेल. तिला कुणी नेलेच नाही.

मामांना घेऊन आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी थेंब घातले, बाहुल्या मोठ्या करून आत पाहिले, दाब मोजला आणि एका अंधाऱ्या खोलीत नजरेचा परीघ तपासला. मग आम्हाला आत बोलावून कागद दाखवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळे, कडेने सगळी काळी, मधे पांढरा तुकडा. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू.

या दोन शब्दांचा घोळ आपल्या घराघरांत आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते काढून दुसरे बसवले की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचे दिसत असते, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी, औषधांनी, कधी शस्त्रक्रियेने सांभाळता येते. म्हणजे पिकायची वाट पाहत बसणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांचे मरण पाहत बसलेला असतो.

आम्ही बाईंना डब्याबद्दल विचारले. कारकुनाच्या सवयीने सगळे विचारले: काळा दिवा, नळी, हजारो व्होल्ट, हिरवा पडदा, सोळा वर्षे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, त्या मंद हिरव्या उजेडाकडे तासन्‌तास पाहून डोळे थकतील, डोके दुखेल, बाहेर आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतील. पण काचबिंदूचा आणि त्याचा संबंध लावता येणार नाही. मग त्यांनी उलट आम्हालाच विचारले, “घरात आधी कुणाचे डोळे असे गेले होते का?”

आम्हाला आजी आठवली. भिंत धरून चालणारी.

परतताना एस.टी.त मामा खिडकीशी बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता मला असंच दिसतं, तुला सांगतो. मधे गोल आणि कडेला काळोख. डब्यात दिसायचं तसंच. फक्त हिरवं नाही.” आणि थोड्या वेळाने, “म्हणून मला वाटलं असेल खरंच. पण तू ते लिहू नकोस. त्या डब्यानं एक हात मोडला, तो सोलापूरच्या पोराचा. माझ्या डोळ्यांचं त्याच्यावर कशाला घालू?”

मामांनी आमची सुटका केली असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. घरी सूनबाई वाट पाहत होत्या. आम्ही त्यांना कागद दाखवला, समजावले. त्यांनी सगळे ऐकले आणि एकच विचारले, “मग हिच्या फीचं काय?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. खोटा अर्ज न लिहिणे सोपे असते, त्याच्या जागी दुसरे काही देता येत नाही हे जड जाते. ते गृहस्थ पुन्हा येऊन गेले. सूनबाई महिनाभर आमच्याशी नीट बोलल्या नाहीत आणि आम्हाला त्याचा राग आला नाही.

दुसरा अर्ज मात्र आम्ही लिहिला. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून एक आरोग्य योजना आहे. पेन्शनधारक सैनिकाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना तीत उपचार मिळतात, औषधेही. मामांनी कार्डच काढलेले नव्हते. “मला काय धाड भरली होती?” असे त्यांचे म्हणणे. सेवापुस्तिका, पेन्शनचा आदेश, फोटो, बँकेचे कागद, सगळे जमवले. सेवापुस्तिकेत आईचे नाव एक, आधारकार्डावर दुसरे, त्याचे प्रतिज्ञापत्र केले. कार्ड हाती आले. आता थेंबांचे पैसे खिशातून जात नाहीत, महिन्याला तेवढे वाचतात. ती फीच्या मानाने किरकोळ रक्कम आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. नातीची शिष्यवृत्ती लागली तर बरे, त्याचा अर्ज गेला आहे आणि त्यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. ज्या वाचकांच्या घरी जुने पेन्शनधारक सैनिक आहेत त्यांनी एकदा ट्रंक उघडून कार्ड आहे की नाही पाहावे.

डॉक्टरीण बाईंनी आणखी एक सांगितले होते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. आम्ही आईला नेले. तिचे डोळे चांगले निघाले, तिने त्याबद्दल वाटेत सर्वांना सांगितले. मामांचा मुलगा येतो येतो म्हणत आला नाही, त्याच्या मागे लागलो आहोत. आमची पाळी आली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. वय छेचाळीस, चष्मा वाचण्यापुरता.

त्या अंधाऱ्या खोलीत एक पांढरे भांडे असते, मोठ्या परातीएवढे, उभे ठेवलेले. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्यावर नजर रोखून धरायची. हातात एक बटण देतात. भांड्यात इकडे तिकडे बारीक उजेडाचे थेंब उमटतात, काही ठळक, काही इतके पुसट की होता की नव्हता कळू नये. दिसला की बटण दाबायचे. नजर हलवायची नाही. पाच-सात मिनिटे चालते ते, पण फार वेळ वाटतो. मधेच बराच काळ काही दिसेना, तेव्हा घाम फुटला. उजेड येतच नाही, की येतो आहे आणि आपल्याला दिसत नाही? आणि मग मामा आठवले, डब्याला डोळा लावून, पुढे सावली आहे की नाला आहे याचा विचार करणारे.

उजवा डोळा ठीक आहे. डाव्याच्या वरच्या कोपऱ्यात काही ठिपके आम्हाला दिसले नाहीत, दाबही थोडा जास्त आहे. बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. थेंब सुरू केले आहेत, रोज रात्री नऊला, एकेक.

मामांचेही थेंब नऊलाच असतात. आधी त्यांचा फोन येतो. “घातलास का?” आम्ही घातला म्हणतो. मग ते विचारतात, “किती ठिपके चुकले होते रे तुझे?” आम्ही आकडा सांगतो. रोज तोच आकडा, तरी रोज विचारतात. काल म्हणाले, “पुढच्या खेपेला घाई करू नकोस. मी पहिल्यांदा डब्याला बसलो तेव्हा उस्तादनं सांगितलं होतं, डोळा फाडून बघू नको, सैल सोड, मग दिसतं.” पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. मामांना घेऊनच जाणार आहोत.